कोरपन्याच्या खडकावरील सरडा

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या अलीकडे, कोरपना तालुका आहे. हा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत राजुरा तालुक्यांत मोडे. १९५९ त तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. आमचें तिकडे जाणें वैशाखांत झालें. सकाळीं नऊ वाजतांच खडकावर हात ठेववेना, आणि त्याच खडकावर एक लहानसा सरडा स्वस्थ बसलेला! मस्तक व मान शेंदरासारखी लाल, मागचें अंग काजळासारखें काळें.

आपल्या कुंपणावरच्या सरड्याचाच हा भाऊबंद. पण झाडापेक्षां खडकांत रमणारा. शास्त्रज्ञ यास ब्लॅनफर्डचा सरडा म्हणतात. स्टोलिच्का या मोरेव्हियांतील विद्वानानें १८७१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून ब्लॅनफर्ड यांचें नांव त्यास दिलें. दोघेही हिंदुस्थान सरकारच्या भूस्तरखात्यांतले. दगड तपासणाऱ्यांच्या नजरेस दगडावरचा जीव पडावा, यांत नवल तें काय?

लाल रंग नराचा, आणि तोही विणीच्या हंगामापुरता. मादी व पिलें मातकट, ठिपकेदार. हललीं नाहींत तर दिसावयाचीं नाहींत. नर उंच दगडावर बसून मान वरखालीं करतो. प्रतिस्पर्ध्यास ती धमकी, मादीस निमंत्रण. हा थाट ससाण्याच्याही डोळ्यांत भरतो. मात्र अंग चपटें असल्यामुळें चाहूल लागतांच तो फटींत शिरतो. पालीप्रमाणें शेपूट टाकून निसटणें त्यास साधत नाहीं, म्हणून फट हाच त्याचा किल्ला. सकाळीं उन्हांत अंग शेकावें, दुपारीं कपारींत निवावें, मुंग्या-किडे टिपावे. अंडीं मात्र मातींत पुरावयाचीं.

अमरकोशांतील सरट किंवा कृकलास तो हाच. एकास दिलेली गाय नकळत दुसऱ्यास दिली म्हणून नृग राजा कृकलास होऊन विहिरींत पडला, ही भागवतांतील कथा बहुतेकांस ठाऊक असेल. ती ऐकून निजणारींच मुलें सरडा दिसतांच धोंडा उचलतात, हें शाळेच्या आवारांत आम्ही किती वर्षें पाहिलें!

पण पोरांचे धोंडे परवडले. येथला चुनखडक भूस्तरशास्त्रांत पैनगंगेच्याच नांवानें ओळखला जातो, आणि गडचांदुराकडील कारखाने त्याचेंच सिमेंट करतात. आमचें स्वतःचें घर सिमेंटचें. तेव्हां कारखान्यांस बोल लावण्याचें तोंड आम्हांस नाहीं. तथापि खडकाबरोबर फटीही जातात, आणि नवी फट व्हावयास ऊनपावसास किती काळ लागतो, याचा हिशेब सिमेंटच्या भावांत धरलेला नसतो. ज्या टेकाडावर आम्ही तो नर पाहिला, त्याच्या उतारावर मोजणीचे खुंट ठोकलेले होते. खोदाई केव्हां, असें वाटाड्यास विचारतां, पाऊस सरल्यावर, असें तो म्हणाला.