धुळीत उमटणारी विवरे

मंगळावर नुकत्याच आदळलेल्या अशनीचे विवर बहुधा काही मीटरच रुंद असते. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर 2006 पासून मंगळाभोवती फिरतो आहे. त्याच्या कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे 6 मीटरचा, त्यामुळे त्यात विवर दिसत नाही, डाग दिसतो. आघाताच्या झोताने वरची फिकट धूळ उडते, खालचा गडद थर उघडा पडतो आणि डाग विवराच्या कित्येक पट पसरतो. जुन्या छायाचित्रात तो नाही, नव्यात आहे. आघात या दोहोंच्या मधला. मग त्याच यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याने जवळून पाहून विवराची खात्री करतात.

खरी अडचण धुळीचीच. थार्सिससारख्या धुळकट प्रदेशात डाग ठळक उमटतो. उघड्या खडकावर तेवढाच आघात झाला तरी चित्रात पत्ता लागत नाही. त्यामुळे सापडलेल्या विवरांचा नकाशा बराचसा धुळीचाच नकाशा असतो. इंग्रिड डॉबर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 248 नवे आघात मांडले, पण आघातांचा दर काढताना त्यांतले 44 च धरले. विवरे मोजूनच मंगळाच्या पृष्ठभागाचे वय काढतात. दर चुकला की वयही चुकते.

मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाला धुळीवरच्या डागाची गरज नव्हती. 24 डिसेंबर 2021 चा हादरा त्याने सुमारे 3500 किलोमीटरवरून टिपला. नंतर कक्षेतल्या चित्रांत सुमारे 150 मीटरचे विवर सापडले, भोवती बर्फाचे तुकडे विखुरलेले. दराचा हिशेब मात्र लहान विवरांवरच उभा असतो. सौरपट्ट्यांवर धूळ साचून डिसेंबर 2022 मध्ये इनसाइट बंद पडले. त्याच्या नोंदींवरून 2024 मध्ये आलेला अंदाज, 8 मीटरहून मोठी विवरे वर्षाला 280 ते 360, चित्रांवरच्या आकड्यापेक्षा बराच वर गेला.

2020 पासून संगणकही डाग शोधू लागला आहे. काम झपाट्याने होते, यात शंका नाही. पण त्याला शिकवायला दिलेली उदाहरणे धुळकट प्रदेशातलीच असतात, म्हणून उघड्या खडकावरचे आघात त्याच्याही नजरेतून निसटतात. तिथला दर काढायचा तर मंगळावर पुन्हा भूकंपमापक उतरवावा लागेल, आणि एकाहून अधिक ठिकाणी.