उलटी बाजू

कापड हातात आले की आपण ते चुरगाळून बघतो, उजेडात धरतो, भाव विचारतो. विणकर आधी ते उलटे करतो. एम.ए. होऊनही मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती कळली शाळेच्या गणवेशामुळे. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने चौकड्यांचे कापड दाखवायला आणले होते. रंग बरा, भाव त्याहून बरा. आम्ही शिक्षक मंडळी माना डोलावत होतो. पालकांच्या बाकावर वडगावचे एक यंत्रमागावरचे विणकर बसले होते. ते उठले, कापडाचा कोपरा उलटला आणि म्हणाले, “सर, चौकडा विणलेला नाही, छापलाय. चार धुण्यांत उडून जाईल बघा.” मागची बाजू खरोखरच फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी होती. कापड परत गेले.

या गृहस्थांची मुलगी आज कापडावरची छापील नक्षी तयार करण्याचे शिक्षण घेत आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

ती माझ्याकडे मराठी शिकली. मी फळ्यावर समास सोडवीत असे आणि ती वहीच्या समासात वेली काढीत असे. एकदा मी वही काढून घेतली, सगळ्या वर्गाला दाखवली आणि वर्ग हसला. तेव्हा ते मला शिक्षणाचाच भाग वाटले होते. एसएसएलसीला तिला गुण चांगले पडले, तेव्हा मीच तिच्या वडिलांना घरी बोलावून सांगितले, “मुलीला सायन्सला घाला.” घातली. पीयूसीची दोन वर्षे तिने मुकाट काढली आणि मग आपली आपण प्रवेशपरीक्षा देऊन बेंगळूरच्या एका डिझाइन कॉलेजात गेली. माझ्या सल्ल्याची किंमत तिने दोन वर्षांत फेडली म्हणायची.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत ती कागदांची एक लांब गुंडाळी घेऊन शाळेत आली. शेवटच्या वर्षाला स्वतःचे ‘कलेक्शन’ करावे लागते. मला वाटले, सुटी सुटी चित्रे असतील. तसे नसते. एक मुख्य मोठी नक्षी, तिच्या जोडीला दोन-तीन लहान नक्ष्या, मग अगदी बारीक, दुरून साध्या रंगासारखी दिसणारी भरणीची नक्षी, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे तेच मोजके रंग. पडदा, उशी, ओढणी एकत्र ठेवली तर ती एका घरातली माणसे वाटावीत, पण जुळी वाटू नयेत, असे तिने सांगितले.

“सर, हॉल रिकामा आहे काय? घरात एवढी भिंत नाही.”

हॉलच्या भिंतीवर तिने एकाच नक्षीचे बारा कागद चिकटवले. एकच चौकोन शेजारी शेजारी लावत गेले की डोळ्याला लगेच उभ्या-आडव्या रांगा दिसू लागतात. त्या मोडण्यासाठी दुसरा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा. याला हाफ-ड्रॉप म्हणतात. शिवाय गिरणीत ज्या गोल जाळीच्या नळकांड्याने छापतात, त्याचा घेर बहुधा चौसष्ट सेंटिमीटर असतो. म्हणून नक्षीची उंची ६४, ३२, १६ अशी, चौसष्टला निःशेष भाग जाणारी ठेवावी लागते. गणित सुटावे म्हणून चित्रकलेकडे जाणाऱ्या मुलांना हे कोणी तरी सांगायला हवे.

तिने मला व्यासपीठावर उभे केले आणि डोळे किलकिले करायला लावले. “आता काय दिसतं?” डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे वर चढत गेलेला एक कर्ण मला दिसला. जवळून तो कुठेच नव्हता. “हाच तो,” ती म्हणाली, “आठ दिवस झाले, जातच नाही.” मग स्टुलावर चढून तिने एक पान दोन बोटे वळवले, एक फूल पुसले. कर्ण थोडा मोडला. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तरी आमचे डोळे किलकिलेच.

नक्षी कशाची होती ते सांगायचे राहिले. आजीच्या खणावरच्या बुट्ट्या आणि कसूतीची गोपुरे. मला भरून आले. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा खण आपल्या मराठी बायकांच्या ओटीत पडतो. धारवाडची कसूती इरकली लुगड्याच्या पदरावर चढते. या सीमेने नकाशावर किती भांडणे केली, पण बाईच्या अंगावर तिला रेघ ओढता आली नाही, असे काहीसे मी बोलूनही गेलो. भाषण करायची सवय वाईट. “उत्तम! यात आता काही बदलू नकोस,” मी म्हणालो.

तिने नमुन्यादाखल दोन मीटर कापड छापून घेतले आणि वडिलांपुढे ठेवले. पुढचे मला तिनेच सांगितले. त्यांनी कापड उलटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “पुढनं कसूती, मागनं कागद.”

त्यांचे म्हणणे मला नंतर समजले. कसूतीत कापडावर आधी रेघ काढत नाहीत, गाठ मारत नाहीत. धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुर्गी हे टाके असे की कापड उलटले तरी नक्षी तशीच दिसते. कसूतीची सारी प्रतिष्ठा त्या उलट्या बाजूत आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीने नेमकी तीच बाजू टाकून दिली होती. आणखीही एक गोष्ट होती, ती ते बोलले नाहीत. बाजारात छापील काठांच्या साड्या आल्यापासून त्यांच्या मागावरच्या साडीला गिऱ्हाईक कमी झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत थांबलेल्या दोन मागांपैकी एक पुन्हा सुरू झालाच नाही.

पण मुलगीही त्यांचीच. तिने विचारले, “बाबा, आजोबा तुम्हाला काय म्हणाले होते?”

आजोबांचा हातमाग होता. तो काढून मुलाने यंत्रमाग बसवला, तेव्हा म्हातारा म्हणे तीन दिवस जेवला नव्हता. यंत्रमागाची साडी ही हातमागाच्या साडीची नक्कल, असे त्याचे मत. ते त्या एकट्याचे नव्हते. काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा संसदेने १९८५ मध्ये केला. यंत्रमागवाले त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९३ मध्ये हरले. म्हणजे ज्याला आपण आज अस्सल म्हणतो, त्यालाही काल कुणी तरी नकली म्हटले होते. हे मला सुचले, पण त्या घरात जाऊन सांगायचे धाडस झाले नाही. मी आधीच एकदा ‘उत्तम’ म्हणून बसलो होतो.

प्रश्न विचारून तिने वाद जिंकला असावा, पण ती दोन महिन्यांचे काम बाजूला ठेवून मोकळी झाली. पंधरा दिवस शाळेकडे फिरकली नाही.

मग एके दिवशी बोलावणे आले. बंद पडलेल्या मागावरचे जेकार्डचे पुठ्ठे माळ्यावर टांगले होते, ते तिने खाली काढले होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हाताएवढ्या लांब पट्ट्या, दोरीने एकीला एक ओवलेल्या, शिडीसारख्या लोंबणाऱ्या. प्रत्येक पट्टीवर भोके. जिथे भोक तिथे मागावरचा उभा धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथे तो खाली राहतो. मधून धोटा जातो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. फ्रान्समधल्या लियाँच्या जाकार नावाच्या माणसाने १८०४ मध्ये ही युक्ती बसवली, आणि वडगावच्या गल्लीत ती परवापर्यंत खडखडत होती. वडील माग म्हणतात, शेजारचे कन्नड विणकर मग्ग म्हणतात. पुठ्ठ्याच्या भोकाला मात्र दोघांची भाषा कळते.

तिची नवी नक्षी ही भोके होती. साडीची नक्षी तिने घेतलीच नव्हती, साडीला जे सांगितले जाते ते घेतले होते. मोठ्या नक्षीत पुठ्ठ्यांची पूर्ण माळ, वळत गेलेली. दुसरीत नुसते ठिपके. तिसरीत ओवणीच्या दोरीच्या फुल्या. रंग तीनच: जुन्या पुठ्ठ्याचा तपकिरी, मशिनच्या तेलाचा काळा आणि दर खंडेनवमीला मागाला लावलेल्या कुंकवाचे डाग पुठ्ठ्यांवर राहिले होते, तो लाल.

मी यावेळी मत दिले नाही. वडील मागाजवळ उभे होते. ते हात पुसून आले, खाटेवर पसरलेल्या कापडावर वाकले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. आपण पत्र वाचतो तसे. मध्येच थांबले.

“हे चुकलंय. इथं दोन भोकं सरकलीत. ह्यानं काठ मोडतो.”

“मीच सरकवलीत बाबा. नाहीतर लांबून कर्ण दिसतो.”

“माग हे विणणार नाही.”

“मागावर चढवायचंच नाही.”

ते गप्प झाले. मग सवयीने त्यांचा हात कापडाच्या कोपऱ्याकडे गेला. मी मुलीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी कोपरा उलटला. मागची बाजू फिकटच होती, छापील कापडाची असते तशी. त्यांनी तो पुन्हा सरळ केला, तळहाताने दाबून बसवला.

“रंग तीन. म्हणजे जाळ्या तीन लागल्या?”

“तीन.”

“मीटरला काय घेणार?”

तिने आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर काही हिशेब केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बघा सर, कमी सांगतेय.”