बंद घरांचा फेरीवाला

माझा धंदा काय, असे कुणी विचारले की मला आधी थोडा घसा खाकरावा लागतो. माझ्या वडिलांना हे कधी करावे लागले नाही. 'गिरणीत, साचेखात्यात' एवढे दोन शब्द अण्णा उच्चारत, आणि परळच्या कुठल्याही गल्लीत त्यावर पुढचा प्रश्न येत नसे. मी मात्र ज्यांना एक घर असून आणखी एक घर आहे अशा भाग्यवंतांच्या त्या दुसऱ्या घरात हुशार उपकरणे बसवून देतो. फोनवरून उघडणारी कुलुपे, हालचाल दिसताच निरोप धाडणारे कॅमेरे, मालकाची गाडी खंडाळ्याचा घाट चढत असतानाच लोणावळ्याचा दिवाणखाना गार करून ठेवणारी यंत्रे. एवढे सांगून झाले की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे इलेक्ट्रिशियन का?" मी हो म्हणून मोकळा होतो.

भोईवाड्याच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे होतो. घराला कुलूप होते. पण ते वर्षातून एकदा, गणपतीला गावी जाताना, फळीवरच्या डब्यामागे शोधावे लागे. लावल्यावर किल्ली शेजारच्या काकूंकडे. गॅलरीत अनोळखी पाऊल वाजले की चार दारांतून चार तोंडे बाहेर येत, आणि कुणाचे दूध उतू जायला लागले की तिसऱ्या खोलीतून हाक येई. आज हीच कामे करणारी एकेक डबी मी हजारो रुपयांना विकतो, आणि तरीही ती काकूंइतकी तत्पर नसते, हे मी ग्राहकाला सांगत नाही.

हवा खायला दुसरे घर बांधण्याची हौस काही आजची नाही. गंमत म्हणजे एकेकाळी परळ हेच अशा हौसेचे ठिकाण होते! कोटाच्या गर्दीपासून दूर, झाडीत, अठराव्या शतकातले गव्हर्नरसाहेब इथे राहायला येत. पुढे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्या बंगल्यात पटकीने वारली, साहेबांचे मन परळवरून उडाले आणि स्वारी मलबार हिलला गेली. 1899 साली त्या वास्तूत हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. हाफकिन संस्था अजून तिथेच आहे. मधल्या काळात भोवती गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि हवा खाण्याजोगी उरली नाही. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, आणि त्या मनोऱ्यांतली माणसे हवा खायला समुद्र ओलांडून अलिबागला जातात. त्यांच्या मागोमाग माझी पिशवी घेऊन मी.

दसरा झाला की माझा हंगाम सुरू होतो. पावसाळाभर बंद राहिलेले बंगले दिवाळीसाठी उघडतात. आत गाद्यांना बुरशी, चपलांना बुरशी, भिंतीवरच्या तसबिरीतल्या आजोबांनाही बुरशी. अशा वेळी मालकाचे मन हळवे असते, आणि आम्हा विक्रेत्यांना तेच हवे असते. मात्र मन हळवे असले तरी हात खिशाकडे जाईलच असे नाही. माझे निम्मे आयुष्य 'नको' ऐकण्यात गेले आहे. एक गृहस्थ म्हणाले, "मी इथं फोन बंद ठेवायला येतो आणि तुम्ही अख्खं घरच फोनात घालताय." एका आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "देवापुढची समई फोनवरून लागेल का?" नाही म्हणालो. "मग काय उपयोग?"

या नकारांचा मला पूर्वी राग येई. मग अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची हकीकत वाचली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी कुलाब्याला होत. मुंबईत विजेच्या ट्रामी धावणार, त्यांनी यंत्रांचे काटे बिघडणार, म्हणून 1904 साली ते काम अलिबागला हलवले, आणि तिथली इमारत बांधताना लोखंड टाळले. म्हणजे मुंबईच्या विजेपासून पळून अलिबागला जाण्याची परंपरा चांगली सव्वाशे वर्षांची आहे. मग माझ्या ग्राहकांचेच काय चुकले?

शिवाय कोकण स्वतःच माझ्या मालाला अनुकूल नाही. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय पलीकडे जात नाही. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवी पुटे चढतात. रात्री कॅमेऱ्यापुढे कोळी जाळे विणतो, ते त्याच्या अदृश्य प्रकाशात लखलखते, आणि मालकाला मध्यरात्री निरोप जातो की घरात कुणी आहे. कोळी घरात होताच. त्यामुळे यंत्र खोटे बोलले असेही म्हणता येत नाही.

पण एक गोष्ट यंत्राने अगदी खरी सांगितली, आणि ती मला अजून छळते.

2019 च्या पावसाळ्याआधी अलिबागजवळच्या एका बंगल्यात मी कॅमेरे आणि बोटाच्या ठशाचे कुलूप बसवले. शेठ नको नको म्हणत होते. मी तीन फेऱ्या घातल्या आणि शेवटी 'तुमच्या पाठीमागे इथं काय चालतं, तुम्हाला माहीत तरी आहे का?' हे आमच्या धंद्यातले हुकमी वाक्य टाकले. ते लागू पडले. कुलपात राखणदाराचाही ठसा घ्यायचा होता. त्याने आळीपाळीने दहाही बोटे लावून पाहिली. पंचवीस वर्षे कोयता, कुदळ आणि काथ्याची दोरी धरून बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कुलूप प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी, आणि तो ओशाळून हात पंच्याला पुसून पुन्हा लावी. अखेर मी त्याला आकडे पाठ करायला दिले आणि माझे कार्ड दिले.

जुलैच्या एका रात्री त्याच्या खोपटाचे छप्पर गळायला लागले. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो बंगल्याच्या दिवाणखान्यात, खाली फरशीवर, घरून आणलेली गोधडी पसरून झोपला. कोचाला हात लावला नव्हता. शेठना मुंबईत चित्र दिसले. आठवड्याच्या आत राखणदार बदलला. "तुमचा माल वसूल झाला हो!" शेठ मला फोनवर म्हणाले, आणि त्यांच्या दोन मित्रांची नावे सुचवली. दोन्ही कामे मला मिळाली. मी ती घेतली.

रात्री जेवताना हे मी अण्णांना सांगितले. यंत्राची करामत म्हणूनच सांगायला लागलो होतो, खोटे कशाला बोलू? अण्णांचा घास हातात राहिला.

"म्हणजे झडती," ते म्हणाले.

गिरणी सुटताना दरवाज्यावर प्रत्येक कामगाराची झडती होई. हात वर करायचे, रखवालदार खिसे, कंबर चाचपणार, मग बाहेर. बदली कामगार म्हणून लागल्यापासून 18 जानेवारी 1982 ला संप सुरू होईपर्यंत अण्णांनी रोज ती दिली. संप कागदोपत्री कधी मागे घेतला गेलाच नाही, आणि अण्णाही पुन्हा आत गेले नाहीत. घरात मात्र झडतीबद्दल ते कधी बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. "रखवालदार गावचाच होता. त्याला लाज वाटायची. तो दुसरीकडे बघत हात फिरवायचा." मग बराच वेळ थांबून म्हणाले, "तुझ्या यंत्राला दुसरीकडे बघता येत नाही." ताट तसेच ठेवून ते उठले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे मालक मुंबईतच अडकलेले. सकाळपासून शेठ फोनवर आपले माड वाकताना पाहत होते. वीज गेली आणि चित्र काळे झाले. मग त्यांनी मला फोन लावला. मी कुणाला लावणार? नवा राखणदार आधीच गावी गेला होता. तिकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. माझी सारी हुशार उपकरणे त्या काळात भिंतीवरचे खिळे होऊन बसली होती.

पाचव्या दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. रेंज मिळावी म्हणून तो कुठल्याशा टेकाडावर चढला होता. वाऱ्याचा आवाज येत होता. "साहेब, बंगली बघून आलो. चार माड पडले. मागली कौलं उडाली. भिजणारं सामान उचलून कोचावर ठेवलंय, ताडपत्री घातलीय." तो तोच जुना राखणदार. कुणी त्याला सांगितले नव्हते. आत कसा गेलास, असे मी विचारले. "स्वयंपाकघराची खिडकी पडलेलीच होती." आणि मग आवाज खाली आणून, "तो डोळा बंद होता ना, साहेब?"

मी बंद होता म्हणालो. शेठना सामान शाबूत आहे एवढेच कळवले. कुणी ठेवले ते सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे मला वाटते. पण त्याने सांगू नका म्हटले होते आणि माझ्याही अंगात धैर्य नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो आणि चौलकडच्या एका घरी गेलो. मालकीणबाई दादरच्या, निवृत्त डॉक्टर. माझ्या यादीत आठ कॅमेरे होते. बाईंनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारले, "हे आठ जण कुणाला बघणार? इथं वर्षभर ही दोघंच असतात." ही दोघं म्हणजे राखणदार आणि त्याची बायको. हुकमी वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मी यादी परत घेतली आणि कॅमेऱ्यांच्या ओळीवर काट मारली. त्या एका रेघेत माझी दिवाळी गेली म्हणा ना.

"पंप चालू राहून जळतो, त्याला काही आहे का?" बाईंनी विचारले. त्याला होते. टाकीत पाण्याची पातळी पाहणारी दांडी, पंपाला स्विच, आणि फोनवर आकडा. बाईंच्या फोनात जोडू लागलो, तर त्यांनी फोन मागे घेतला. "मी दादरला बसून टाकी भरून काय करू? हिच्या फोनात घाला."

वहिनींनी पदराला हात पुसून बोट टेकवले. विहिरीवरचा पंप घरघरला. भरल्याचा निरोप त्यांच्या फोनवर आला तेव्हा फोन पायरीवरच पडला होता आणि त्या शिडीवर चढून टाकीत डोकावत होत्या. "खरंच भरली की!" त्या वरून ओरडल्या.

निघताना त्यांनी अनारशांचा डबा हातात ठेवला. रात्री परळला पोचलो तर गॅलरीत कंदील लागले होते. अण्णा दारातच बसले होते.

"आज कुणाची झडती?"

"कुणाची नाही. पाण्याची टाकी."

अण्णांनी डबा ओढून घेतला, झाकण उघडले, आणि बाजूला सरकून मला बसायला जागा केली.