ट्रेलरच्या नाकातला पोटमाळा

मुलांनो, घोडा उभ्यानं झोपतो हे तुम्ही ऐकलंच असेल. ते अर्धंच खरं आहे बरं का! पायाचे सांधे कुलूप घातल्यासारखे अडकवून तो उभ्याउभ्या मस्त डुलक्या काढतो. पण गाढ झोपेसाठी मात्र त्यालाही, दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास का होईना, अंग टाकावंच लागतं. आणि आसपास धोका नाही अशी खात्री पटल्याशिवाय तो आडवा होत नाही. माणसाचंही फारसं वेगळं नसतं. फक्त माणसाला उभ्यानं झोपता येत नाही (सकाळच्या लोकलमधली मंडळी सोडून!), म्हणून त्याला जागा लागते. आज तुम्हाला अशाच एका जागेबद्दल सांगणार आहे. ही जागा घोड्यांच्या ट्रेलरच्या नाकात असते.

नाकात? हो, नाकातच. अमेरिकेत घोडा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर त्याला ट्रेलरमध्ये चढवतात. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक लांबट खोलीच. तिला इंजिन नसतं, पुढे पिकअप ट्रक जोडावा लागतो. मोठ्या ट्रेलरचा पुढचा भाग हंसाच्या मानेसारखा वर उचललेला असतो आणि तो ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवलेल्या पोलादी गोळ्यावर टेकतो. म्हणून त्याचं नावच गूजनेक. आता हौद्याच्या वर पुढे आलेल्या त्या भागात आपोआप एक पोकळी तयार होते. ती आतून बुटकी, पुढे निमुळती आणि चढून जावं लागेल इतक्या उंचीवर असते. तिथली माणसं तिला नोज म्हणतात. मी गिरगावातल्या चाळीत वाढले, त्यामुळे मला विचाराल तर तो सरळसरळ पोटमाळा!

तुमच्यापैकी पुष्कळांनी पोटमाळा पाहिलाही नसेल. चाळीतल्या खोलीला उंची भरपूर, जमीन मात्र चिमूटभर. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतली एकेक खोली १६० चौरस फुटांची होती, म्हणजे सगळं घर तेवढंच! मग छताखाली फळ्या ठोकून अर्धा मजला काढायचा आणि शिडी लावायची. आमच्या पोटमाळ्यावर आम्ही तिघं भावंडं झोपायचो, अभ्यासही तिथंच. उभं राहायला गेलं की डोकं आपटायचं. त्या टेंगळांच्या जोरावरच पुढचं सगळं सांगते आहे.

माझी भाची कोलोरॅडो राज्यात राहते. तिच्या तेरा वर्षांच्या लेकीकडे एक घोडी आहे. ही मुलगी फोर-एच नावाच्या मुलांच्या संघटनेत जाते. तिथली मुलं आपापली जनावरं स्वतः सांभाळतात आणि उन्हाळ्यात काउंटी फेअरला नेतात. काउंटी फेअर म्हणजे जत्रा आणि शेतीप्रदर्शन एकत्र असं समजा. तीन दिवस घोडी तिथल्या तबेल्यात राहणार. पहाटे तिला चारा-पाणी द्यायचं, लीद काढायची, रात्री पुन्हा तेच. घर दीड तासावर आणि तीन रात्रींच्या हॉटेलचं भाडं परवडणारं नव्हतं. जावईबापूंनी स्पष्टच सांगितलं, “झोपायची सोय झाली तर जाऊ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.” तेराव्या वर्षी पुढचं वर्ष किती लांब असतं, ते तुम्हाला मी काय सांगू!

मी तेव्हा तिथंच होते. पोरगी मला हाताला धरून ट्रेलरपाशी घेऊन गेली. “मावशीआजी, तू पोटमाळ्यावर झोपायचीस ना? मग हे बघून सांग.”

बघते तो काय! जुन्या ताडपत्र्या, फुटक्या बादल्या, वाळक्या गवताचे गठ्ठे, एक मोडकं खोगीर. कुठल्याही माळ्याचं हेच होतं. घरात नको असलेली वस्तू फेकवत नाही आणि मग ती वर जाते. आम्ही सगळं खाली काढलं. गवत आधी, कारण त्याची धूळ नाकात गेली की रात्रभर शिंका. शिवाय नाकात ठेवलेल्या ओझ्यातलं बरंचसं थेट ट्रकच्या मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे तिथं जड सामान जितकं कमी तितकं बरं. गठ्ठे गेले मागे, घोडीच्या शेजारच्या रिकाम्या कप्प्यात.

मग टेप घेतली. रुंदी साडेसहा फूट, खोली पाच फूट, उंची सव्वातीन. भाची म्हणाली, पाय पुढे करून झोपू. मी म्हटलं, अगं, पुढे ते निमुळतं होत जातं, आणि पाच फुटांत तुझी उंची मावायची कशी? आडवं झोपा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आता कडेला कोण? जो आधी उठणार तो! पोरीला पाचला घोडीकडे जायचं होतं, म्हणून ती कडेला आणि आई आत. कडेला वीतभर उंचीची फळी ठोकली, म्हणजे झोपेत कोणी खाली यायला नको.

यानंतर खरी परीक्षा होती ती हवेची. ट्रेलर ॲल्युमिनियमचा. तिकडे उन्हाळ्यातही रात्री हवा गार होते आणि पत्रा लगेच थंड पडतो. दोन माणसांच्या श्वासातली वाफ त्या पत्र्यावर जमते आणि पहाटे तोंडावर टप टप टप. गादी थेट पत्र्यावर टाकली तर खालूनही ओल धरते, मग बुरशी. म्हणून गादीखाली लाकडी पट्ट्या लावल्या, मधे दोन दोन बोटांची फट ठेवून. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या थोड्या उघड्या आणि छताचं झाकणही वर. भाचीला वाटत होतं, गारठ्यात खिडक्या उघड्या कशाला, त्यापेक्षा गॅसचा छोटा हीटर लावू. इथं मात्र मी आवाज चढवला. बंद जागेत जळणारी कुठलीही वस्तू घेऊन झोपायचं नाही! त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही. आपल्याकडे थंडीत शेगडी पेटवून खोली बंद करतात, त्यातही हाच धोका असतो, हे घरी मोठ्यांनाही सांगा. शेवटी एक जास्तीची रजई आली आणि हा वायू ओळखून ओरडणारं बॅटरीवरचं छोटं यंत्रही आलं.

आणखी एक नियम जावईबापूंनी केला. गाडी चालू असताना नाकात कोणीही बसायचं नाही, “एकदाच” म्हणूनसुद्धा नाही. मागे पाचशे किलोची घोडी, आत ना सीट ना पट्टा. प्रवास ट्रकमधूनच.

दुकानांत तयार ट्रेलर मिळतात, त्यांच्या पुढच्या भागात ओटा, न्हाणी, एअरकंडिशनर, सगळं असतं. छान असतात. पण एका ट्रेलरमध्ये माणसांचा दिवाणखाना ऐसपैस आणि घोड्यांचे कप्पे अगदी अंग चोरून उभं राहावं असे पाहिले. मला नाही आवडलं. गाडी कुणासाठी घेतली होती?

जत्रेआधी अंगणातच एक रात्र झोपून पाहायचं ठरलं. शेजारी कुंपणात घोडी. मध्यरात्री ट्रेलर गदागदा हलला! भाची ताडकन उठली आणि तिचं डोकं छतावर आपटलं. (टेंगूळ नंबर एक.) भूकंप नव्हता, घोडी ट्रेलरला पाठ घासत होती. पोरगी खिडकीतून हळूच तिच्याशी बोलत राहिली. थोड्या वेळानं ‘धप्प’ असा आवाज आला. घोडी चक्क आडवी झाली होती.

जत्रेला तीन रात्री दोघी तिथंच झोपल्या. पोरीला बक्षीस मिळालं नाही, पण तबेल्याच्या स्वच्छतेबद्दल परीक्षकांनी तिचं नाव घेतलं. परत आल्यावर जावईबापू ताडपत्र्या उचलून ट्रेलरकडे निघाले, तर नाकाच्या फळीवर चिठ्ठी होती: ‘इथे सामान ठेवू नये. हुकुमावरून.’

परवा तिचा फोन आला होता. नाकाला पडदा लावायचाय, दोरीवर घालू की तारेवर? मी तार सांगितली. दोरीला चार दिवसांत झोळ पडतो.