खेटे

मराठीत ‘खेटे घालणे’ म्हटलं की डोळ्यांसमोर सरकारी कचेरी येते. उताऱ्यासाठी, शिक्क्यासाठी, साहेब जागेवर नाहीत म्हणून परत, उद्या या म्हणून पुन्हा. कोल्हापुरात मात्र हाच शब्द डोंगराला लागतो. माघ पौर्णिमेनंतर लोक जोतिबाला खेटे घालतात. पाच रविवार, अनवाणी, पंचगंगेच्या घाटापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत १७-१८ किलोमीटर. हेलपाट्याला आणि भक्तीला एकच शब्द का पुरला असावा, यावर मी बऱ्याचदा चढणीवर विचार केला आहे. चढणीवर विचारापुरता दम असतोच असं नाही, म्हणून तो अजून पुरा झालेला नाही.

कथा अशी सांगतात की दैत्यांचा संहार आटोपून केदारनाथ, म्हणजे आपला जोतिबा, उत्तरेला परत निघाला, तेव्हा अंबाबाई करवीरातून अनवाणी चालत त्याला थांबवायला डोंगरावर आली. पहिला खेटा तिचा. देवीचंसुद्धा काम एका हेलपाट्यात झालं असेल असं मला वाटत नाही.

आमचं गाव कुंभीच्या काठचं. आज्जी शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं शुक्रवार पेठेत आत्याकडे यायची, येताना मला घेऊन. तिथून घाट जवळ. पहाटे तीनला ती मला हलवायची, नदीच्या पाण्यात पाय बुडवायला लावायची आणि चपला आत्याच्या उंबऱ्यातच राहायच्या. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे, निगवे, कुशिरे. अंधारात गावं नावांवरून नाही, वासांवरून कळतात. इथं शेणाचा गोठा, इथं गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा गोड धूर, इथं नुकतं पेटवलेलं पाचट. माघ-फाल्गुन म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. उसानं भरलेल्या गाड्या समोरून यायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी आणि कंदिलाचा ठिपका मागून. गाडीवान झोपेतच “चांगभलं” म्हणायचा. आज्जीही म्हणायची. बाकी त्या रस्त्यावर कुणी कुणाशी फारसं बोलत नसे.

डांबरावर अनवाणी चालणं सोपं, हे खेटे न घातलेल्यांना पटत नाही. पहाटेचं डांबर गार आणि सपाट असतं. खरा हिशेब कडेच्या खडीवर होतो, ट्रॅक्टरला वाट द्यायला खाली उतरावं लागतं तेव्हा.

गायमुखापाशी उजाडतं. तिथं तळं आहे, तोंडावर पाणी मारायचं, थोडं बसायचं, आणि मग चढण. या चढणीला शिखराची ऐट नाही. डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपुढे लेकरूच. पण पायाखालची वाट बघावी. शेकडो वर्षांच्या टाचांनी दगड असा गुळगुळीत झाला आहे की दव पडलं की घसरायला होतं. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, फाल्गुनाकडे त्यांना पांढरी फुलं आलेली, आणि तो वास, जो मला कुठल्याही अत्तरात सापडलेला नाही. एखाद्या वर्षी वणवा लागून गेलेला असला तर सगळा उतार काळा, आणि त्या काळ्यात एकटा पांगारा लालभडक. उभ्या टप्प्यावर आज्जी थांबायची. दम लागला असं कधी म्हणायची नाही. “वाईच बघूया की,” म्हणायची, आणि मागं वळून खाली बघायची. डोंगर चढताना दृश्य बघण्याची सवय बहुतेक माणसाला दमामुळेच लागली असावी.

देवळाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथं गर्दीत माझ्या वाट्याला कायम समोरच्याची पाठच आली. काळ्या दगडाचं हे देऊळ आजच्या रूपात राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. दगड काळा म्हणायचा तो पुस्तकात. प्रत्यक्षात गुलालानं पायऱ्या, खांब, कुत्री, माणसं सगळी एकाच रंगाची. हातात दवण्याची जुडी, खोबऱ्याचा तुकडा, नमस्कार, बाहेर. चैत्रात सासनकाठ्या येतात तेव्हा इथं माणूस माणसाला दिसत नाही. खेट्यांच्या दिवसांत निदान श्वास घेता येतो.

मग आज्जी मला डोंगराच्या काठावर न्यायची. दर्शनानंतरचं दुसरं दर्शन.

जोतिबाचा डोंगर सह्याद्रीपासून सुटून पूर्वेला आलेल्या एका लांब सोंडेवर बसला आहे. त्याच्या दक्षिणेला पंचगंगेचं खोरं, उत्तरेला वारणेचं. माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब दोन बोटं इकडे ढळला तर पंचगंगेला जातो, तिकडे ढळला तर वारणेला. वारणेचा थेंब सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत शिरतो आणि तिच्याबरोबर खाली येतो. पंचगंगेचा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो. म्हणजे डोंगरावर ताटातूट झालेले दोघे वाडीला दत्ताच्या पायाशी भेटतात. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. वर उभं राहून नद्या बोटानं मोजता मोजता उमगलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चौघी दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त, आणि प्रयाग चिखलीजवळ त्यांची पंचगंगा होते. सकाळी नद्या स्वतः दिसत नाहीत, त्यांच्यावरचं धुकं दिसतं. हिरव्या उसातून पांढऱ्या दोऱ्या टाकल्यासारखं.

पश्चिमेला पन्हाळा. उगवतीचं ऊन त्याच्या कड्यावर आधी पडतं, जांभ्याची तांबूस कडा उजळते, आणि मागं मसाई पठाराची सपाट रेघ. पन्हाळा ही नजरेसाठी घडवलेली जागा. दरीच्या काठावरची सज्जा कोठी, तटातल्या जंग्या, बुरूज, सगळं खालच्या हालचालीवर डोळा ठेवायला. आणि गंमत अशी की त्याच्या सर्वांत गाजलेल्या रात्री नजर उपयोगी पडली नाही, हेच उपयोगी पडलं. १६६० च्या जुलैतल्या त्या पावसात सिद्दी जौहरच्या पहाऱ्याला हाताचं बोट दिसत नव्हतं, म्हणून महाराज मसाई पठारावरून विशाळगडाकडे निघू शकले. पुढं घोडखिंडीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वाटेनं पावसाळ्यात आता शेकडो पोरं चिखल तुडवत जातात. मीही गेलो आहे. दोन दिवसांत मला धुक्याशिवाय काही दिसलं नाही, आणि ती तक्रार मी लगेच मागं घेतली.

पन्हाळा २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. चांगलं झालं. पण डोंगरावर ‘पॉइंट’ नावाची एक जात वाढत चालली आहे, तिच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. सूर्यास्ताचा पॉइंट, फोटोचा पॉइंट, कणसाच्या गाडीचा पॉइंट. माणसं गाडीतून उतरतात, दृश्याकडे पाठ करतात, फोटो काढतात आणि जातात. पाठ करून उभं राहण्यासाठी इतकं वर यायची काय गरज, हे मला कळत नाही. कणसं मात्र चांगली असतात.

खोऱ्यातल्या माणसाला डोंगर दुसऱ्याच कामासाठी लागतो. चिखली-आंबेवाडीकडचे लोक पुरात जनावरं सोडवून उंचावर सोनतळीला येतात, जोतिबाच्या वाटेवर. २०१९ च्या ऑगस्टात मी खाली शहरात अडकलो होतो. पाणी ओसरल्यावर वर गेलो, तेव्हा एक दुकानदार सांगत होता, “आरसा ठेवल्यागत हुतं वो सगळं. उसाचं शेंडं सुदीक दिसंनात. आम्ही नुसतं काठावर हुभा ऱ्हायचो. ज्येचं त्यो आपलं गाव हुडकत हुता.”

आपलं गाव हुडकणं. वर आलेला प्रत्येक माणूस तेच करतो. देखावा नंतर, आधी घर. एखादी मुंबईची सून असली तर तिलाही सासरा बोट दाखवून सांगत असतो, तो बघ, त्या पाण्याच्या टाकीच्या मागं.

आज्जीही तेच करायची. “त्ये बघ कुडित्र्याच्या कारखान्याचं धुराडं. त्येच्या उजव्या अंगाला ये. पिंपळ दिसला? पिंपळाच्या बुडात आपलं घर. दिसलं?”

मी “दिसलं” म्हणायचो. धुकं असलं तरी म्हणायचो. शेवटी शेवटी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आत्या तिला काठावर धरून उभी करायची, तरी तिचं बोट न चुकता त्याच जागी जायचं, आणि “दिसलं?” हा प्रश्न आता आम्ही तिला विचारायचो. “न दिसायला काय झालं,” म्हणायची.

तिच्यामागं बरीच वर्षं मी खेटे घातले नव्हते. परवा पाचवा खेटा घातला. पहिले चार यंदाही हुकलेच, तेव्हा त्याला खेटा म्हणावं की नुसतं जाणं, ते देवच ठरवील. वर गेल्यावर एका पोराकडून दुर्बीण मागून घेतली. धुकं नव्हतं. धुराडं मिळालं. उजवीकडे आलो. पिंपळ आहे, पण तो दुसऱ्याच गावातला, त्याच्या पारावर देऊळ आहे, आमच्याकडे नाही. मग फोनवरच्या नकाशावर डोंगरापासून गावापर्यंत सरळ रेघ ओढून पाहिली, दोनदा ओढली.

जोतिबावरून आमचं घर दिसत नाही. मध्ये टेक येतो.