अपलेखन

आमच्या मध्यप्रदेशातील सरकारी शाळांत जुनी, फाटकी, वाळवी लागलेली पुस्तके दप्तरातून कमी करण्याच्या कामाला 'अपलेखन' म्हणतात. शब्द हिंदी शासनव्यवहारातला. पण इंदुरात तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांतून तो मराठी वाक्यात बिनदिक्कत बसतो. यादी तयार होते, तिघांची समिती बसते, पानोपान सह्या होतात आणि पुस्तके वजनावर रद्दीवाल्याकडे जातात. हे काम अनुचित आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या ग्रंथालयात आलेले पुस्तक कधी बाहेर पडतच नाही, तेथे काही वर्षांनी वाळवी हीच एकमेव नियमित वाचक उरते. तरीही परवा ही यादी प्रधानाध्यापक या नात्याने माझ्यापुढे सहीसाठी आली, तेव्हा लेखणी हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. कारण अशाच एका यादीवर २००३ साली केलेली माझी सही अजून मला सुखाने बसू देत नाही.

त्या वर्षी ग्रंथालयाचे काम माझ्याकडे होते. मी मराठीचा एम. ए.; 'भाषेचा माणूस' म्हणून कपाटांच्या किल्ल्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या, एवढेच. यादीत एक इंग्रजी ग्रंथ होता: शेक्सपिअरची समग्र नाटके, एक खंड, नोंद १९६४ सालची, किंमत अठरा रुपये, शेरा 'जीर्ण'. त्याच सुमारास एका देणगीतून त्याच नाटककाराच्या समग्र नाटकांचा नवा कोरा, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ शाळेत आला होता. नवा आल्यावर जुना कशाला, असा सरळ हिशेब करून मी सही केली. पुठ्ठा उघडून आत डोकावण्याचे मला सुचले नाही.

माझे वडील, ज्यांना घरात आम्ही सर्व नाना म्हणत असू, त्यांनी याच शाळेत १९६९ ते १९९५ अशी सव्वीस वर्षे इंग्रजी शिकविले. सरकारी वस्तू घरी आणायची नाही हा त्यांचा दंडक. शाळेच्या दौतीतली शाई घरच्या पत्राला वापरली म्हणून एका सहकाऱ्याशी त्यांनी महिनाभर अबोला धरल्याची कथा आमच्या घरी सांगितली जाई. सबब त्यांचा शेक्सपिअर शाळेतच राहिला. घरी आम्ही तो कधी पाहिला नाही.

२०१६ साली शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली आणि वर्तमानपत्रांतून लेख आले. नानांची दृष्टी तोवर इतकी अधू झाली होती, की मथळेही त्यांना वाचून दाखवावे लागत. लेख ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "शाळेतला माझा शेक्सपिअर आण रे दोन दिवस. रीतसर नोंद करून आण. वाचता येणार नाही. नुसता हाताशी असू दे."

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही काढली. ग्रंथाच्या नावावर तांबडी रेघ होती आणि रेघेपुढे माझी सही.

खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांची दुकाने मी दोन रविवार पालथी घातली. तेरा वर्षांपूर्वी वजनावर गेलेले पुस्तक शोधणाऱ्या माणसाकडे दुकानदार ज्या करुणेने पाहत, ती मी विसरणार नाही. अखेर, शाळेतला तो सोनेरी अक्षरांचा ग्रंथ माझ्या नावावर लावून मी घरी नेला आणि काही न बोलता नानांच्या मांडीवर ठेवला. एवढ्या भित्रेपणाची मला आज लाज वाटते. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरविला, कागद चिमटीत धरून पाहिला, समासावर अंगठा टेकविला आणि म्हणाले, "हा नव्हे." मग मी सर्व सांगितले.

नाना रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त त्या समासांत काय होते ते सांगू लागले. पेन्सिलीने लिहिलेले खोडता येते, म्हणून ते मालमत्तेचे नुकसान नव्हे, असा त्यांचा बचाव होता! तर त्या समासांत मराठी प्रतिशब्द होते, वर्गात मुले जेथे हसत तेथे खुणा होत्या. आणि प्रत्येक नाटकाच्या पहिल्या पानावर, स्नेहसंमेलनात ज्या मुलांनी त्यातला प्रवेश केला, त्यांची नावे सालवार लिहिलेली होती. शायलॉक कोणी केला, पोर्शियाच्या वेषात कोणता मिशा फुटू लागलेला मुलगा उभा राहिला, ते सगळे. दुसरी नोंद कोठेच नव्हती. काही नावे त्यांना आठवत. पुष्कळशी आठवत नव्हती.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. "अरे, खुद्द ऑक्सफर्डने पहिली प्रत काढून टाकली होती, तेथे तुझ्या सहीची काय कथा?" म्हणाले आणि त्यांनी जी हकीगत सांगितली, ती पुढे मी पुस्तकांतून पडताळून पाहिली. ती खरी आहे.

शेक्सपिअर १६१६ साली वारला. आपली नाटके एकत्र छापावीत अशी खटपट त्याने स्वतः केल्याचे कोठेच दिसत नाही. त्या काळी नाटक हे कवीचे नसून मंडळीचे धन. वही मंडळीच्या पेटाऱ्यात राहावयाची. निम्मी नाटके सुट्या, स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने बाहेर आली होती, त्यांपैकी काही अगदी अशुद्ध. मृत्युपत्रात त्याने तीन सोबती नटांना, आठवणीदाखल अंगठी करून घेण्यासाठी, प्रत्येकी सव्वीस शिलिंग आठ पेन्स ठेवले. त्या तिघांपैकी जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या दोघांनी १६२३ साली छत्तीस नाटके एका मोठ्या ग्रंथात छापवून घेतली. यांपैकी अठरा नाटके त्यापूर्वी कधीच छापली गेली नव्हती. ते दोघे आळसावले असते, तर 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'ट्वेल्फ्थ नाइट', 'टेम्पेस्ट' ही नावेही बहुधा आपल्या कानी आली नसती. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी या नाटकांत कामे करणाऱ्या सव्वीस प्रमुख नटांची यादी दिली आहे; तीत पहिले नाव शेक्सपिअरचेच आहे. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा नानांच्या समासातील मुले माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, हे निराळे सांगायला नको.

आता ऑक्सफर्डची गोष्ट. तेथील बोडली ग्रंथालयाचा संस्थापक सर टॉमस बोडली याला नाटकांच्या पुस्तकांचा भारी तिटकारा. असला कचरा आपल्या विद्यामंदिरात नको, असे त्याचे मत होते. तरी त्याच्या मृत्यूनंतर हा १६२३ चा ग्रंथ तेथे पोहोचला, त्याची बांधणी झाली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो साखळीने फळीला अडकविला गेला. पुढे १६६४ साली समग्र नाटकांच्या तिसऱ्या आवृत्तीत सात नाटके जास्तीची घालण्यात आली. नवा ग्रंथ अधिक 'समग्र', तेव्हा जुना अनावश्यक, असे ठरून पहिली प्रत ग्रंथालयातून गेली. गंमत अशी, की त्या सातांपैकी एक 'पेरिक्लीज' तेवढे आज शेक्सपिअरचे, तेही अंशतः, मानले जाते. उरलेली सहा दुसऱ्यांची!

ती प्रत १९०५ साली अचानक उगवली. एका तरुणाने घरातला एक जुना ग्रंथ सल्ल्यासाठी ग्रंथालयात आणला. बांधणीवरून तेथील जाणत्यांनी आपली हरवलेली वस्तू ओळखली. पण तोवर अमेरिकेतील धनाढ्य संग्राहक हेन्री फोल्जर याने तिच्यासाठी तीन हजार पौंड देऊ केले. ऑक्सफर्डला लोकांपुढे झोळी पसरावी लागली आणि १९०६ साली तेवढीच रक्कम मोजून स्वतः घालविलेले पुस्तक परत घ्यावे लागले. (फोल्जरने पुढे हार खाल्ली नाही, वॉशिंग्टन येथील त्याच्या ग्रंथालयात या आवृत्तीच्या ब्याऐंशी प्रती आहेत.) ऑक्सफर्डच्या त्या प्रतीत 'रोमिओ आणि ज्युलिएट'ची पाने सर्वांत झिजलेली आहेत. साखळीला बांधलेल्या ग्रंथापाशी उभे राहून विद्यापीठातील तरुण काय वाचीत असत, हे शतकांनंतर असे उघडकीस आले. नानांच्या ग्रंथात कोणती पाने झिजली असतील, हे मला कोणत्याही विद्वानाविना ठाऊक आहे. 'किंग लिअर'ची.

त्यानंतर संध्याकाळी वाचन सुरू झाले. मी वाचावे आणि नानांनी थांबवावे. माझा शेक्सपिअर हा आगरकरांच्या 'विकारविलसिता'तून आणि देवलांच्या 'झुंझारराव'मधून आलेला. मूळ इंग्रजी वाचताना माझे उच्चार ऐकून नाना डोळे मिटून घेत. पण पाठ इतके होते, की मी एक शब्द गाळला तरी ते हात वर करीत. त्यांनी सांगावे आणि मी त्या कोऱ्या समासात पेन्सिलीने टिपून घ्यावे, असा क्रम पडला. नावे आठवली की तीही लिहीत होतो. एखादे नाव चार दिवसांनी, जेवताना मध्येच आठवे.

'किंग लिअर'ला आम्ही पाच आठवडे घेतले. १६०८ च्या सुट्या पुस्तिकेतील लिअर आणि १६२३ च्या ग्रंथातील लिअर यांत शेकडो ओळींचा फरक आहे. वेडा झालेला राजा आपल्या मुलींवर लटका खटला चालवितो, तो प्रवेश पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. १९८६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी समग्र ग्रंथात दोन्ही लिअर निरनिराळे छापून टाकले. मी म्हटले, मग खरा कोणता? नाना म्हणाले, "मुलगी मेलेली दोन्हींत आहेच ना?" 'नटसम्राट'वर त्यांचे प्रेम होते, १९७० नंतर ते नाटक त्यांनी किती वेळा पाहिले याचा हिशेब नाही. तरी अप्पासाहेबांना टाळ्यांची आठवण तरी होती, लिअरपाशी तेवढीही नाही, असे ते म्हणत. मला हे अजून पुरते पटलेले नाही. अप्पासाहेबांचे दुःख त्या टाळ्यांमुळेच अधिक बोचते, असे मी त्यांना म्हणालो होतो. त्यांनी तेही समासात लिहायला सांगितले, माझ्या नावासह.

असे अकरा नाटके झाली. बारावे 'द विंटर्स टेल', त्या अठरांपैकीच एक. तिसऱ्या अंकाच्या शेवटी टाकून दिलेली तान्ही मुलगी धनगराला सापडते, तेथे आम्ही एका बुधवारी थांबलो. चौथ्या अंकाच्या आरंभी काळ स्वतः पात्र होऊन रंगभूमीवर येतो आणि सोळा वर्षे लोटल्याचे सांगतो. तो अंक मी नानांना वाचून दाखवू शकलो नाही. २०१८ च्या जानेवारीत ते गेले. पुढची पाने मी पुढे एकट्याने वाचली. त्यांचे समास कोरे आहेत.

परवाची यादी मी सही न करता परत पाठविली आहे. प्रत्येक पुस्तक प्रत्यक्ष उघडून पाहावे आणि हस्तलिखित मजकूर आढळल्यास स्वतंत्र नोंद करावी, असा शेरा मारला. ग्रंथालय सांभाळणाऱ्या तरुण शिक्षिकाबाई काही बोलल्या नाहीत. पण यादीत दोनशे बारा पुस्तके आहेत, हे त्यांनी सौम्यपणे माझ्या लक्षात आणून दिले. तेव्हा शनिवारी शाळा सुटल्यावर मीच त्यांच्यासोबत जमिनीवर बसलो. सोनेरी अक्षरांचा ग्रंथ अजून माझ्या नावावर आहे. सेवानिवृत्तीपूर्वी तो जमा करावा लागेल आणि त्यातील पेन्सिलीच्या मजकुराचा जबाब मलाच द्यावा लागेल. संध्याकाळपर्यंत आमची तेवीस पुस्तके पाहून झाली. एका अंकगणितात १९८१ सालच्या कबड्डी संघातील मुलांची नावे निघाली. ते पुस्तक बाजूला ठेवले आहे.