चाकांवरचें बिऱ्हाड

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें सकाळीं फिरावयास जावें, दुपारीं वर्तमानपत्र वाचावें आणि सायंकाळीं कट्ट्यावर बसून नव्या पिढीच्या नांवानें खडे फोडावे, अशी समाजाची अपेक्षा असते. मीं मात्र एक जुनी मालवाहू व्हॅन विकत घेतली, तिच्या पोटांत फळी, गादी, स्टोव्ह व पाण्याचें पिंप बसविलें, टपावर शंभर वॅटचें सौर पॅनेल ठोकलें आणि जिल्हा हिंडावयास निघालों. आळींतील मंडळींना माझ्या डोक्याविषयीं काळजी वाटूं लागली. मुलीला तर ती अजूनहि वाटते. पत्नी गेल्यानंतर चार खोल्यांचें घर मला फार मोठें होऊं लागलें होतें, हें कारण मीं कोणाला सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर कोणी तरी मला कट्ट्यावर घेऊन गेलें असतें.

वस्तुतः आमच्या जिल्ह्याला (२०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण माझ्या जिभेला अजून नगरच सोपें जातें) चाकांवरचें बिऱ्हाड कांहीं नवें नाहीं. १९३८ सालीं मेहेरबाबा आपल्या शिष्यमंडळींसह एका निळ्या बसमधून हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले, आणि १९४९ सालीं त्याच बसमध्यें त्यांनीं एकांतवास केला. ती बस मेहेराझादला आजहि जपून ठेवलेली आहे. त्यांचें अध्यात्म माझ्या आवांक्याबाहेरचें. पण बसमध्यें एकांत सांपडतो एवढें तरी मला त्यांच्याइतकेंच कळतें. पाथर्डी-जामखेडकडील जीं कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून ऊस तोडावयास जातात त्यांचें नांव मात्र मी येथें घेत नाहीं. माझा तो छंद आहे आणि त्यांचें तें पोट आहे.

ह्या बिऱ्हाडांत माझा सोबती एक बारा वर्षांचा लॅपटॉप. मुलीनें टाकून दिलेला. त्याच्याबरोबर आलेली मूळची प्रणाली त्याच्या वयाला झेपेनाशी झाली, तेव्हां एका जुन्या विद्यार्थ्यानें त्यावर डेबियन नांवाचें लिनक्स बसवून दिलें. ज्यांना ह्या विषयाचा गंध नाहीं त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालच्या ऑगस्टमध्यें, आपण छंद म्हणून एक प्रणाली रचीत आहों असें जाहीर केलें; रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाचीं हत्यारें तिला आयतीं मिळालीं; आणि पुढें जगभरच्या हजारों माणसांनीं ती वाढविली. तिची आंतली रचना कोणीहि वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. मी हें ज्या ‘लोहित’ अक्षरांत लिहीत आहें तीं अशींच मोकळीं असून त्यांच्यामागें पुण्यांतील तंत्रज्ञांचे हात आहेत. लोहित म्हणजे तांबडा. ज्या कंपनीनें हीं अक्षरें करवून घेतलीं तिच्या नांवांतच तांबडी टोपी आहे, ह्यापलीकडे त्यांत कांहीं गूढ नाहीं.

पण मला मोह पडला तो ह्या तत्त्वांचा नव्हे, विजेचा. घरीं वीज महिन्याअखेर बिलांत भेटते. व्हॅनमध्यें ती पिंपांतील पाण्यासारखी डोळ्यांसमोर उतरत जाते. माझी बॅटरी बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर बाराशें वॅट-तासांची. परंतु शिशाची बॅटरी अर्ध्याखालीं उतरवूं नये, म्हणून हातांत उरले सहाशें. पडदा मंद ठेवला आणि नको तीं कामें बंद केलीं तर माझा लॅपटॉप बारा वॅटवर राहतो, आणि कोणतें काम किती वीज खातें हें लिनक्स मला विचारतांच सांगतें. आयुष्यांत इतका चोख हिशेब मीं पगाराचाहि ठेवला नव्हता! आषाढांत घाटघरला असतांना चार दिवस सूर्य दिसला नाहीं. ज्या पावसाची पूर्वेकडचे तालुके देवासारखी वाट पाहतात, त्यालाच मी तेथें काळोखांत बसून शिव्या देत होतों.

आतां मार्गशीर्षांतील एक संध्याकाळ सांगतों. टाकळी ढोकेश्वरच्या पुढें, माळाच्या कडेला, बाजरी काढून मोकळ्या झालेल्या एका शेताजवळ मीं गाडी उभी केली होती. शेतांत धनगरांचा वाडा उतरला होता. शेतकऱ्यानें खतासाठीं मेंढ्या बसविल्या होत्या. जाळी लावून झाली होती आणि चुली पेटल्या होत्या. मीं लॅपटॉप उघडला. नेहमीं अर्ध्या मिनिटांत जागा होणारा तो गडी त्या दिवशीं मध्येंच थांबला. पडद्यावर एक ओळ, तिच्यापुढें सेकंदांची मोजणी, आणि नव्वद सेकंद भरल्यावर पुढें जाण्यास साफ नकार. पुन्हां सुरू केला, पुन्हां तेंच.

चूक माझीच होती. पत्नीचीं छायाचित्रें आणि तिच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें एका बाहेरच्या डिस्कवर आहेत. ती डिस्क आपोआप उघडावी म्हणून मीं मोठ्या हौसेनें ‘एफएसटॅब’ नांवाच्या यादींत तिची एक ओळ स्वतःच्या हातानें लिहिली होती. त्या आठवड्यांत मुलीनें प्रत करून घेण्यासाठीं डिस्क मागून घेतली होती. यंत्र तिची वाट पाहत होतें, आणि ती आल्याखेरीज उठावयास तयार नव्हतें.

एक म्हातारा धनगर काठी टेकीत आला.

“काय पाव्हणं, गाडी बसली का?”

“गाडी बरी आहे, बाबा. हें यंत्र अडलंय. घरी एक डबी राहिली, तिची वाट बघतंय.”

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आन् ती डबी हितं यायची न्हाई, हे त्याला सांगितलं का?”

सांगितलें नव्हतें, हेंच खरें. तेथें मोबाइलला रेघ नव्हती, कीं कोणाला विचारावें. पण लिनक्सची आणखी एक चाल मला आवडते ती ही, कीं त्याचें शास्त्र त्याच्याच पोटांत असतें. ‘मॅन’ हा शब्द लिहून पुढें विषय लिहिला कीं पोथी उघडते. मुख्य परवलीचा शब्द देऊन मी त्या काळ्या पडद्यावर पोथी वाचूं लागलों. उपाय दोन होते. एक, ती ओळ खोडून टाकावी. दुसरा, तिच्यांत ‘नोफेल’ हा शब्द घालावा; म्हणजे डिस्क असली तर ती उघडावी, नसली तर गाडें पुढें चालावें.

शाळेंत निबंध तपासतांना मुलांनीं असल्या प्रसंगावर रूपक रचलें तर मी लाल शाईनें तें खोडीत असें. त्या रात्रीं मला स्वतःवर लाल शाई ओढतां येईना. तो सहा अक्षरांचा इंग्रजी शब्द लिहावयास मला बराच वेळ लागला. ओळ मात्र मीं खोडली नाहीं.

लॅपटॉप सुरू झाला तेव्हां दाराशीं एक पोरगा चार मोबाइल घेऊन उभा होता. गांवांतल्या दुकानांत ते भरून घ्यावयाचे तर पैसे पडतात, आणि दुकान दूर. चार मोबाइल म्हणजे सुमारें ऐंशी वॅट-तास, म्हणजेच माझें दिवसभराचें लेखन. मीं ते लावले आणि लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानें त्याच पोरानें बाजरीची भाकरी, लसणाची चटणी व पेल्यांत शेळीचें दूध आणून दिलें.

पहांटे वाडा उठला. घोड्यांवर संसार चढला, भांड्यांवर कोंबड्यांची डालगी, आणि सर्वांच्या वर एक लहानसा सौर दिवा, उन्हाकडे तोंड करून बांधलेला. म्हातारा मोबाइल घ्यावयास आला तेव्हां त्यानें लॅपटॉपकडे बोट केलें.

“उठलं का?”

“उठलं.”

टाकळीला पोंचल्यावर मीं मुलीला फोन करून सांगितलें कीं डिस्कची घाई नाहीं, पुढच्या फेरींत नेईन. ती म्हणाली, “बाबा, रात्री जेवलात का?”